‘लुलू’वरची टीका : कोणती घ्यावी, कोणती सोडावी

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. नाशिकच्या तुमच्या चौघांच्या बँडला एका कवीमित्राच्या दीर्घ कवितेवर अल्बम करायचा आहे. कवी गाणार नाही, तो कविता म्हणेल आणि तुम्ही त्यामागे जड रिफ, म्हणजे गिटारचे फिरून फिरून येणारे तुकडे, वाजवाल. हे ठरताच तुमच्या गायकाने ‘म्हणजे आपलाही लुलू होणार’ असे म्हणून अंग काढून घेतले, बेसवाल्याने ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा दाखला देत अमेरिकी गायक-गीतकार लू रीड आणि मेटल बँड मेटॅलिका यांचा ‘लुलू’ हा अल्बम श्रेष्ठ असल्याचे सांगितले, आणि या वादात तालमीचे दोन रविवार वाया गेले. ‘लुलू’वरची टीका रास्त होती का आणि वाद्य वाजवणाऱ्याने तिच्याकडे कसे पाहावे, हे तुम्हाला हवे आहे.

पुण्यात पंचवीस वर्षे आधी गिटार वाजवून आणि मग दुसऱ्यांच्या बँडांचे ध्वनिमुद्रण व मिक्सिंग करून माझे जे मत झाले आहे ते आधीच सांगतो. या अल्बमची जी टीका सर्वाधिक गाजली ती बहुतेक चुकीच्या जागी बोट ठेवते; त्याचा जो बचाव गाजला तोही तितकाच पोकळ आहे; आणि अल्बममध्ये एक खरा दोष आहे, ज्याविषयी दोन्ही बाजू फारसे बोलत नाहीत. तो दोष नेमका तुमच्या वाटेवर उभा आहे, म्हणून त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

अल्बम कसा घडला हे माहीत नसल्याने निम्मे गैरसमज होतात. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त झालेल्या मैफलीत मेटॅलिकाने रीडला साथ केली आणि त्याची व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या बँडच्या काळातली ‘स्वीट जेन’ आणि ‘व्हाइट लाइट/व्हाइट हीट’ ही गाणी वाजवली. पुढे एकत्र अल्बम करण्याचे ठरले तेव्हा रीडची पडून राहिलेली जुनी गाणी नव्याने वाजवावीत असा बेत होता. तो मागे पडला, कारण रॉबर्ट विल्सन या दिग्दर्शकाच्या बर्लिनमधील नाट्यप्रयोगासाठी रीडने लिहिलेली पदे हाताशी होती. ते नाटक फ्रांक व्हेडेकिंड या जर्मन नाटककाराच्या ‘एर्डगाइस्ट’ (१८९५) आणि ‘पँडोराची पेटी’ (१९०४) या जोडनाटकांवर आधारलेले होते. त्यांची नायिका लुलू पुरुषांना उद्ध्वस्त करते, त्यांच्याकडून उद्ध्वस्त होते आणि अखेरीस लंडनमध्ये जॅक द रिपर या खुन्याच्या हातून मरते. याच कथेवर दिग्दर्शक पाब्स्टने १९२९ मध्ये मूकपट काढला आणि संगीतकार आल्बान बेर्गने ऑपेरा लिहायला घेतली, जी १९३५ मध्ये तो वारला तेव्हा अपुरी होती. थोडक्यात, रीडने हाती घेतलेला विषय युरोपच्या रंगभूमीवर शंभर वर्षे घोळलेला होता. ध्वनिमुद्रण २०११ मध्ये सान राफाएल येथील मेटॅलिकाच्या स्वतःच्या स्टुडिओत झाले, निर्मितीत हॅल विल्नर आणि ग्रेग फिडेलमन यांचा हात होता, आणि अखेर दहा पदांचा, सुमारे ८७ मिनिटांचा, दोन तबकड्यांचा अल्बम तयार झाला. त्यातले शेवटचे ‘ज्युनियर डॅड’ एकटेच साडेएकोणीस मिनिटांचे आहे.

तो ३१ ऑक्टोबर २०११ रोजी, आणि अमेरिकेत दुसऱ्या दिवशी, प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या माझ्या पिढीच्या मेटल-चाहत्यांना तो आठवडा वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. २८ तारखेची गुडगावची मैफल सुरक्षेचा कठडा तुटल्यामुळे बारगळली आणि चिडलेल्या लोकांनी मंचाची मोडतोड केली. ३० तारखेला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका भारतात पहिल्यांदा वाजली. पुण्या-मुंबईहून मिळेल त्या गाडीने गेलेल्यांत मीही होतो. त्या रात्री ‘लुलू’मधले एकही पद वाजले नाही. जुनी गाणी ऐकून, घसा बसवून आम्ही परतलो आणि दोनतीन दिवसांत, कानांत अजून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ घुमत असताना, आमच्यापैकी प्रत्येकाने हा अल्बम लावला. मी पहिल्या वेळी तिसऱ्या पदापाशी तो बंद केला, हे कबूल करतो. श्रीखंड म्हणून तोंडात घातलेला घास कडू लागला तर माणूस पदार्थाची चव पाहत नाही, तो थुंकून टाकतो. आम्ही तेच केले.

हा अनुभव केवळ आमचा नव्हता. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ४ लाख ९० हजार प्रती खपून पहिल्या क्रमांकावर आला होता. ‘लुलू’ पहिल्या आठवड्यात सुमारे १३ हजार प्रतींवर अडला आणि बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या यादीत ३६ व्या स्थानी आला. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने त्याला दहापैकी एक गुण दिला. चाहत्यांपैकी काहींनी आपल्याला गोळी घालण्याच्या धमक्या दिल्याचे रीडने सांगितले होते, आणि १९७५ च्या ‘मेटल मशीन म्युझिक’ या आपल्या गोंगाटी अल्बमनंतर आपल्याला चाहते उरलेच नाहीत, त्यामुळे आपल्याला फरक पडत नाही, अशा अर्थाचे उत्तरही त्याने दिले होते.

आता टीकेकडे येतो. ‘हे मेटॅलिका नाही’ हा सर्वांत मोठ्या आवाजातला आक्षेप होता. ही माहिती म्हणून अगदी बरोबर आहे, कारण वेष्टनावर रीडचे नाव आधी आहे आणि शब्द सगळे त्याचे आहेत. परंतु हा दोष नाही, हा अपेक्षाभंग आहे, आणि या दोहोंतली रेषा संगीतकाराने तरी पुसू नये. मेटॅलिकाच्या चाहत्यांचा अपेक्षाभंगाचा इतिहास जुना आहे. १९८४ मध्ये ‘फेड टू ब्लॅक’च्या अकूस्टिक गिटारवरून बँड विकला गेल्याची हाकाटी झाली होती, आणि १९९६ मध्ये तर त्यांनी केस कापले हाही गुन्हा ठरला. मात्र याच चाहत्यांनी दोनदा अतिशय नेमकी टीका केलेली आहे. २००३ च्या ‘सेंट अँगर’वर ते तुटून पडले तेव्हा त्यांनी स्नेअर ड्रमच्या तारा सोडून वाजवल्यामुळे येणारा डब्यासारखा आवाज बोट ठेवून दाखवला. ‘डेथ मॅग्नेटिक’च्या वेळी त्यांनी तबकडीवरचा आवाज आणि गिटार हीरो या खेळातल्या त्याच गाण्यांचा आवाज शेजारी शेजारी ठेवून सिद्ध केले की तबकडीवर आवाज इतका दाबून मोठा केला आहे की ठोके फाटतात. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा ध्वनिसंस्कार, करणाऱ्या टेड जेन्सननेही आपल्याकडे आलेले मिक्स आधीच तसे होते असे सांगितले. म्हणजे हे लोक कान नसलेले नव्हेत. ‘लुलू’च्या वेळी त्यांनी कान वापरण्याआधी पाठ फिरवली, इतकेच.

दुसरा गाजलेला आक्षेप ‘मी टेबल आहे’ या ओळीचा. अल्बमच्या आधी सप्टेंबरअखेर ‘द व्ह्यू’ हे एकच पद बाहेर आले, त्यात मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफील्ड ही ओळ ओरडून म्हणतो, आणि जगभर तिची थट्टा झाली. तुमच्या गायकाच्या मनातही बहुधा हीच ओळ आहे. माझे म्हणणे असे की हसू आले हे बरोबर आहे, पण ते का आले याचे निदान चुकले. मी अमुक आहे, मी तमुक आहे अशी ओळींची माळ लावणे हा कवितेतला फार जुना प्रकार आहे आणि कागदावर ती ओळ कोणाला खटकली नसती. तिचे हसे झाले ते तिच्या मांडणीमुळे. रीडने पुटपुटत, तिरकस स्वरात म्हटली असती तर जी ओळ सहज पुढे सरकली असती, ती हेटफील्डने आपल्या नेहमीच्या ध्रुवपदाच्या ताकदीने, मुठी आवळून म्हटली. आणि टेबल या शब्दाला तेवढे वजन पेलवत नाही. शब्द वाईट नव्हता, त्यावर टाकलेला भार चुकीचा होता. तुमच्या कवितेतही अशा घरगुती, साध्या शब्दांच्या ओळी असणार. त्यांवर दोन्ही गिटार आणि डबल बेस ड्रम एकदम उतरवले तर त्या हास्यास्पद होतील.

तिसरा आक्षेप मजकुरावरचा: एकोणसत्तर वर्षांचा पुरुष एका तरुण स्त्रीच्या तोंडचे, हिंसेने आणि देहाच्या विटंबनेने भरलेले शब्द बोलतो, हे किळसवाणे आहे. हा आक्षेप मी हलक्यात काढणार नाही. पण पुरुषाने स्त्रीच्या तोंडचे बोलणे ही अडचण नाही, हे मराठी माणसाला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी; १९१९ मध्ये ‘एकच प्याला’त बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडवले तेव्हा कोणाला तो पुरुष आहे हे आड आले नाही. तिथे रंगमंच होता, नेपथ्य होते, आधीचा प्रवेश होता; सिंधू बोलते आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. रीडचे शब्दही रंगमंचासाठीच लिहिलेले होते, पण तबकडीवर येताना मंच मागे राहिला आणि त्याच्या जागी दुसरे काही बांधले गेले नाही. कोण बोलते आहे, लुलू की तिचा एखादा आशिक की खुद्द रीड, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि मग सगळा मजकूर त्या म्हाताऱ्या गायकाच्या खात्यावर जमा होतो. हा दोष खरा आहे, पण तो रचनेचा आहे, नीतीचा नव्हे. तुमच्या कवितेत एकापेक्षा जास्त बोलणारे असतील तर प्रत्येकाला वेगळा पोत द्यावा लागेल: एखाद्यासाठी फक्त बेस, एखाद्यासाठी शांतता.

‘म्हातारा बेसूर बडबडतो’ हा आक्षेप मी लवकर निकालात काढतो. रीड १९६७ पासून अर्धे गात आणि अर्धे बोलतच आलेला आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांना त्याचा कुठलाच अल्बम चालणार नाही. मात्र मिक्सिंग करणारा माणूस म्हणून एक गोष्ट मला इथे टोचते. रीडचा आवाज फार जवळून घेतलेला, कोरडा आणि सगळ्यांच्या पुढे ठेवलेला आहे, तर मागची गिटार प्रचंड, रुंद आणि दूर आहेत. परिणाम असा होतो की माणूस तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बोलतो आहे आणि बँड भिंतीपलीकडच्या दालनात तालीम करतो आहे. लोक बेसूर म्हणून ज्याची तक्रार करतात त्यातला बराच भाग सुराचा नसून या दोन खोल्यांचा आहे, असे मला वाटते.

आणि इथूनच मूळ दोषाला हात घालता येतो. बोलण्याला लय असते, पण आवर्तन नसते. माणूस श्वास संपला की थांबतो, अर्थाच्या ओझ्याने रेंगाळतो, एखादे वाक्य घाईने उरकतो. मेटलचा रिफ याच्या अगदी उलट आहे. चार ठोक्यांचा किंवा आठ ठोक्यांचा साचा फिरून फिरून येतो आणि त्याची सगळी ताकद त्या न चुकता येण्यात असते. या दोन गोष्टी एकत्र आणायच्या तर कोणीतरी वाकायला हवे. ‘लुलू’च्या कमकुवत जागी कोणीच वाकत नाही. ‘मिस्ट्रेस ड्रेड’ हे याचे सर्वांत उघड उदाहरण आहे: जवळजवळ सात मिनिटे गिटार आणि ड्रम थ्रॅश या वेगवान मेटल प्रकाराच्या गतीने तोच साचा दळत राहतात, त्यावर रीड सावकाश, ओढून शब्द टाकतो, आणि त्याने काय म्हटले याचा बँडच्या एकाही ठोक्यावर परिणाम होत नाही. कान काही वेळाने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू लागतो, रस्त्यावरची मिरवणूक आणि घरातला रेडिओ ऐकावा तशा. अल्बमचे समर्थक म्हणतात की हे घर्षण हेतुपुरस्सर आहे. असेल, पण घर्षण व्हायला दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकावे लागतात, आणि इथे ते टेकतच नाहीत.

असे का झाले असावे, याचा अंदाज बँडच्या कामाच्या रीतीवरून बांधता येतो. मेटॅलिका हा घासूनपुसून काम करणारा बँड. १९९१ च्या त्यांच्या काळ्या वेष्टनाच्या अल्बमचे ध्वनिमुद्रण आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून जूनपर्यंत चालले होते. रीडला याउलट पहिल्या टेकचा ताजेपणा हवा असे. ‘लुलू’मध्ये रीडची पद्धत जिंकली, आणि ज्यांची सगळी कारागिरी पुन्हा पुन्हा बसवण्यात होती ते चार जण अचानक उत्स्फूर्त वाजवू लागले. उत्स्फूर्त वाजवताना हात सवयीकडे धावतो. मेटॅलिकाच्या हाताची सवय रिफची आहे, म्हणून जिथे थांबायला हवे होते तिथेही रिफ आला. जॅझवाल्यांना किंवा आपल्या संगतकारांना जे अंगवळणी असते, म्हणजे समोरच्याचा शब्द कुठे टेकतो हे पाहून पुढची जागा घेणे, ते कसब एका महिन्यात येत नाही. चांगला तबलजी गायकाच्या बोलआलापात काय करतो ते आठवा. तो ठेका सोडत नाही, पण शब्दाच्या वाटेतही येत नाही.

लांबीचा आक्षेप मी याच दोषाचा दुसरा चेहरा मानतो. ‘चीट ऑन मी’ अकरा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यातला एक प्रश्न इतक्या वेळा परत येतो की त्याचा अर्थ झिजून जातो. बँड आवाजाशी बोलत असता तर प्रत्येक वेळी तो प्रश्न थोडा बदलून ऐकू आला असता. साचा तोच राहिल्यामुळे आवृत्तीची केवळ मोजदाद उरते.

ज्या पदांत कोणीतरी वाकते तिथे हाच अल्बम पाहता पाहता उभा राहतो. ‘पंपिंग ब्लड’मध्ये बँड आवाजाबरोबर थांबतो, दबा धरतो, पुन्हा उसळतो, आणि पहिल्यांदाच वाटते की ड्रमवर बसलेला लार्स उल्रिक शब्द ऐकतो आहे. ‘लिटल डॉग’ तर बहुतेक अकूस्टिक गिटार आणि हवेवर चालते. ‘ज्युनियर डॅड’मध्ये तंतुवाद्यांचा लांब ताणलेला सूर जमिनीसारखा खाली पसरलेला आहे, गिटारचे स्वर अगदी कमी आणि सावकाश बदलणारे आहेत, त्यामुळे रीडला कुठेही यायला आणि कुठेही गप्प राहायला मोकळीक आहे. पित्याविषयीचे ते पद ऐकून गिटारवादक कर्क हॅमेट आणि हेटफील्ड दोघेही रडले, असे हॅमेटने सांगितले आहे. त्याचे वडील थोड्याच दिवसांपूर्वी वारले होते. त्यांच्या रडण्याचा पुरावा म्हणून मी उपयोग करत नाही, कारण रडणे हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. पण ज्या पदाने वाजवणाऱ्यांना ऐकायला भाग पाडले तेच पद सर्वांत चांगले वाजले गेले, यात मला तरी योगायोग दिसत नाही. शेवटी कित्येक मिनिटे फक्त तंतुवाद्ये चालू राहतात; अनेकांना तो कंटाळा वाटतो, मला तो श्वास वाटतो, आणि इथे मी भांडणार नाही.

आता तुमच्या बेसवाल्याचा बोवी. ही गोष्ट खरी आहे. एप्रिल २०१५ मध्ये क्लीव्हलँडला रीडचा, मृत्यूनंतर दीड वर्षाने, एकल कलाकार म्हणून हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा त्याची पत्नी लॉरी अँडरसन हिने सांगितले की बोवीच्या मते ‘लुलू’ हे लूचे सर्वश्रेष्ठ काम असून ‘बर्लिन’प्रमाणेच ते लोकांना उमजायला वेळ लागेल. ‘बर्लिन’ हा रीडचा १९७३ चा अल्बम. रोलिंग स्टोन मासिकाने त्या वेळी त्याला झोडपले आणि तीस वर्षांनी आपल्याच पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत घेतले. दाखला वजनदार आहे, तरी मला तो पुरत नाही. बोवी रीडचा जुना मित्र आणि १९७२ च्या ‘ट्रान्सफॉर्मर’चा सहनिर्माता होता. शिवाय ‘तेव्हा शिव्या खाल्ल्या, आता डोक्यावर घेतले’ या कथेत फक्त वाचलेले लोक मोजले जातात. शिव्या खाऊन रास्तपणे विसरले गेलेले शेकडो अल्बम कोणी आठवत नाही. काळ न्याय देईल असे म्हणणे म्हणजे आज ऐकण्याचे काम उद्यावर ढकलणे होय.

संगीतकारांनी टीकेला कसे उत्तर द्यावे याचा माझा आवडता नमुना ‘मेटल मशीन म्युझिक’चा आहे. गिटारच्या फीडबॅकचा तो तासाभराहून मोठा गोंगाट १९७५ मध्ये लोकांनी दुकानात परत नेऊन दिला. पुढे सॅक्सोफोनवादक उलरिश क्रीगरने तो गोंगाट ऐकून ऐकून अकूस्टिक वाद्यांसाठी लिहून काढला, आणि २००२ मध्ये त्साइटक्रात्सर या जर्मन वाद्यवृंदाने तो बर्लिनमध्ये वाजवला. रीडही त्यात सामील झाला. तो अल्बम चांगला की वाईट यावर क्रीगरने व्याख्यान दिले नाही, त्याने तो उतरवून काढला. तुम्हीही तसेच करा. ‘पंपिंग ब्लड’ची आणि ‘मिस्ट्रेस ड्रेड’ची पहिली दोन दोन मिनिटे घ्या, वर शब्द लिहा, खाली ठोके लिहा आणि प्रत्येक वाक्य कितव्या ठोक्यावर संपते ते नोंदवा. एका कागदावर जे दिसेल ते दोन रविवारांच्या वादात तुम्हाला दिसले नाही.

आणखी एक जुने उदाहरण रीडच्याच घरचे आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या १९६८ च्या अल्बममध्ये ‘द गिफ्ट’ नावाचे आठ मिनिटांचे पद आहे; त्यात रीडने लिहिलेली गोष्ट त्याच बँडमधला जॉन केल निर्विकारपणे वाचतो, आणि स्टिरिओच्या एका बाजूला वाचन तर दुसऱ्या बाजूला बँड असे ते ठेवले आहे. तिथे दोन्ही प्रवाह वेगळे आहेत हे सरळ मान्यच केलेले आहे, म्हणून ते वेगळेपण खटकत नाही. एक कान बंद करून कथा ऐकावी, दुसरा बंद करून वाद्ये ऐकावीत. तुमचा बँड वाकायला तयार नसेल तर हा मार्ग प्रामाणिक आहे.

मी स्वतः या बाबतीत चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका कवीचे काव्यवाचन आणि चार जणांचा बँड असे ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. सोय म्हणून मी क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यांवर, आधी बँड वाजवून घेतला आणि मग कवीला हेडफोन लावून त्यात बसवले. प्रत्येक ओळ वेळेवर आली, एकही ठोका चुकला नाही, आणि आम्ही खूश होतो. ते ऐकून एका निवृत्त मराठी शिक्षकांनी कळवले की कवी सुटलेल्या गाडीमागे धावत एकेक डबा पकडतो आहे असे वाटते. आम्हाला राग आला. त्यांना रॉकमधले काय कळते, असेही कोणीतरी म्हणाले. वर्षभराने मी ते पुन्हा ऐकले तेव्हा मला गाडीशिवाय दुसरे काही ऐकू येईना. पुढच्या कामात क्रम उलटा केला: कवीने एकट्याने, क्लिकशिवाय, हवे तितके थांबत वाचले, ड्रमरने ते वाचन दोन दिवस काठ्या हातात न घेता ऐकले, गिटारवाल्याने रिफ वाचनाच्या श्वासांवरून बेतले, त्यामुळे काही आवर्तने सव्वापाच ठोक्यांची, काही साडेसहाची झाली आणि काही ठिकाणी बँड चक्क गप्प राहिला. ते वाजवणे अवघड गेले. पण त्यावरची टीका वेगळी आली. लोक कवितेविषयी बोलू लागले.

पुढच्या रविवारी तुमच्या गायकाला ‘ज्युनियर डॅड’ची पहिली दहा मिनिटे ऐकवा आणि बेसवाल्याला ‘मिस्ट्रेस ड्रेड’ पूर्ण ऐकवा. दोघांनी शेजारी बसून ऐकावे, आणि संपेपर्यंत कोणी कोणाशी बोलू नये.